माल आमचा, कारखानाही इथेच: इंडोनेशियाच्या निर्यातबंदीचा हिशेब

२००६ साली टाटा पॉवरने गुजरातेतल्या मुंद्र्याच्या चार हजार मेगावॉटच्या प्रकल्पासाठी बोली लावली, ती युनिटला सरासरी २ रुपये २६ पैशांची. पाच राज्यांनी या विजेचे पंचवीस वर्षांचे करार केले आणि त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ७६० मेगावॉट आले. दर एवढा कमी ठेवता आला, कारण कोळसा इंडोनेशियातून स्वस्तात येणार होता. टाटांनी त्याची तजवीजही करून ठेवली होती. २००७ मध्ये बोर्निओ बेटावरच्या कालतिम प्रिमा कोल आणि अरुतमिन या दोन खाणकंपन्यांमध्ये त्यांनी ३० टक्के हिस्सा विकत घेतला. खाणीत भागीदारी, वीजकेंद्र समुद्राकाठी आणि मधे फक्त जहाजाचा प्रवास. कागदावर सगळं चोख होतं.

मग सप्टेंबर २०१० मध्ये जकार्तातल्या ऊर्जा आणि खनिज मंत्रालयाने एक नियम काढला. इंडोनेशियातला कोळसा यापुढे सरकारने जाहीर केलेल्या संदर्भ किमतीला धरूनच विकायचा. ही किंमत जागतिक बाजाराला बांधलेली. खाणीच्या भागीदारालाही सूट नाही आणि जुन्या करारांना जुळवून घ्यायला एका वर्षाची मुदत. मुंद्र्याचा पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला, पण त्याचं गणित त्याआधीच कोलमडलं होतं. केंद्रीय वीज नियामक आयोगाने कंपनीला भरपाई म्हणून जादा दर द्यायचं ठरवलं. ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल केलं. करारातला ‘कायद्यातला बदल’ म्हणजे भारतातल्या कायद्यातला बदल, परदेशात नियम बदलून कोळसा महागला तर ती धंद्यातली जोखीम, असा त्या निकालाचा सारांश.

जकार्ताच्या बाजूने पाहिलं तर नियमामागचं कारण सरळ होतं. खाणवाला आणि गिऱ्हाईक एकाच घरचे असले की कोळसा मुद्दाम पडत्या भावात दाखवता येतो. मग खरा नफा देशाबाहेर निघतो आणि सरकारच्या हाती येणारी रॉयल्टी आणि कर, दोन्ही घटतात. ही गळती बंद करायची होती.

इंडोनेशियाच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या धोरणाचा गाभा या एका नियमात सापडतो. ऊर्जा, व्यापार आणि गुंतवणूक ही खाती तिथेही वेगवेगळी आहेत, पण त्यांचं सूत्र एकच आहे: जमिनीतून निघालेला माल कोणत्या रूपात, कोणत्या भावाने आणि किती बाहेर जाईल, ते सरकार ठरवणार. हे सूत्र निकेलला लावलं, कोळशाला लावलं, पामतेलालाही लावलं. तिन्ही वेळा निकाल निराळा लागला. ‘आपला कच्चा माल आपल्याच देशात पक्का करायचा’ ही घोषणा आपल्याकडेही ऐकू येते. तिच्यात दम किती आणि पोकळपणा किती, हे समजून घ्यायला या तीन मालांइतकी चांगली उदाहरणं क्वचितच मिळतील.

तेलाने शिकवलेला धडा

इंडोनेशियाच्या १९४५ च्या राज्यघटनेचं ३३वं कलम सांगतं की जमीन, पाणी आणि त्यांतली नैसर्गिक संपत्ती राज्याच्या ताब्यात राहील आणि ती लोकांच्या जास्तीत जास्त भल्यासाठी वापरली जाईल. डचांनी जायफळ, कॉफी, साखर, कथील आणि रबर जहाजं भरभरून नेलं, त्या अनुभवातून हे कलम आलं आहे. तिथल्या कुठल्याही पक्षाला त्याच्या विरोधात बोलणं परवडत नाही.

पण स्वातंत्र्यानंतरही बराच काळ माल कच्चाच जात राहिला. १९६२ मध्ये देश ओपेकचा सदस्य झाला. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशातून सुहार्तोंच्या राजवटीने शाळा, दवाखाने आणि खतांचे कारखाने उभे केले. एकेकाळी रोजचं उत्पादन १६ लाख पिंपांच्या वर गेलं होतं. आज ते सहा लाखांच्या आसपास घुटमळतं. जुन्या विहिरी आटत गेल्या, नव्या पुरेशा सापडल्या नाहीत, शुद्धीकरणाची क्षमता गरजेच्या मागे पडली आणि मोटारसायकली मात्र कोटींनी वाढल्या. या शतकाच्या पहिल्या दशकातच निर्यातदार देश आयातदार झाला आणि २००८ अखेर ओपेकमधून बाहेर पडला. आता पेट्रोल सिंगापूर-मलेशियाहून आणायचं आणि लोकांना ते स्वस्तात द्यायचं, असा दुहेरी भार तिजोरीवर असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये अनुदानित ‘पर्टालाइट’ पेट्रोलचा दर लिटरला ७,६५० रुपियांवरून १०,००० रुपियांवर न्यावा लागला, तेव्हा शहराशहरांतून मोर्चे निघाले.

तेल संपत आल्यावर बाकीच्या खनिजांचं तरी असं होऊ नये, ही भावना बळावली. २००९ च्या खाण कायद्याने कंपन्यांना बजावलं की पाच वर्षांच्या आत खनिजावर देशातच प्रक्रिया करा, नंतर कच्चं खनिज बाहेर जाणार नाही. सुसिलो बाम्बांग युधोयोनो तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. बहुतेक कंपन्यांना वाटलं, ही धमकी आहे, वेळ आली की सरकार नमतं घेईल. १२ जानेवारी २०१४ रोजी बंदी खरोखरच लागू झाली.

लाल मातीतला धातू

या बंदीचा सगळ्यात मोठा परिणाम निकेलवर झाला. तो का, हे कळायला सुलावेसी बेटावरची माती पाहावी लागते. कोकणातला जांभा ज्या रीतीने तयार होतो, त्याच रीतीने ही माती तयार झाली आहे. ऊन आणि धो धो पाऊस लाखो वर्षं खडक कुजवत राहतात, विरघळणारे घटक वाहून जातात आणि लोह मागे राहून लाली चढते. फरक मूळ खडकाचा. आपल्याकडे खाली बहुतांशी बेसॉल्ट होता. सुलावेसीत पृथ्वीच्या प्रावरणातून वर ढकलला गेलेला खडक होता आणि त्यात मुळातच थोडं निकेल होतं. वरच्या लाल थरात निकेल टक्का-सव्वा टक्का असतं, खालच्या हिरवट-पिवळ्या थरात दीड ते दोन टक्क्यांच्या घरात. खाण म्हणजे बोगदा नव्हे. डोंगरावरचं जंगल काढायचं आणि माती खरवडून ट्रकमध्ये भरायची.

या मातीत एक तृतीयांशाच्या आसपास नुसतं पाणी असतं. म्हणजे शंभर टन माल जहाजात भरून चीनला धाडला की त्यातून धातू निघणार फार तर दीड टन, बाकी पाणी आणि टाकाऊ माती वाहून नेण्याचं भाडं. खाणीच्या तोंडाशीच भट्टी लावणं मुळातच फायद्याचं होतं. अडचण भांडवलाची होती आणि तंत्रज्ञानाचीही. कॅनडाच्या इन्को कंपनीने सुलावेसीतल्या सोरोवाकोला सत्तरच्या दशकातच भट्टी उभारली होती, पण अशा भट्ट्या थोड्या आणि महागड्या होत्या.

ती कोंडी चिनी पोलाद कंपन्यांनी फोडली. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हलक्या प्रतीच्या मातीपासून ‘निकेल पिग आयर्न’ नावाचं लोखंड आणि निकेलचं मिश्रण स्वस्तात काढायला सुरुवात केली. त्यात निकेल दहा-बारा टक्केच असतं, पण स्टेनलेस स्टीलला तेवढं पुरतं. कारण स्टीलमध्ये लोखंड घालायचंच असतं. ओली माती लांबलचक फिरत्या भट्टीत भाजायची, मग विजेच्या भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास वितळवायची. शुद्ध धातू काढायची खटपटच नाही.

झेजियांग प्रांतातल्या वेन्झौची त्सिंगशान ही या तंत्रात पुढे असलेली कंपनी. बंदी येणार हे ओळखून तिने ‘बिन्तांग डेलापान’ या स्थानिक भागीदाराबरोबर मध्य सुलावेसीतल्या मोरोवालीला औद्योगिक वसाहत उभारायचा करार केला. ऑक्टोबर २०१३ मध्ये शी जिनपिंग जकार्ताला आले असताना त्यावर सह्या झाल्या, म्हणजे बंदीच्या तीन महिने आधी. बंदर, वीजकेंद्र, भट्ट्या आणि स्टेनलेस स्टीलचा कारखाना हे सगळं एकाच आवारात. वितळलेलं मिश्रण थंड होऊ न देता थेट शेजारच्या स्टीलच्या भट्टीत जातं, त्यामुळे पुन्हा तापवायचा खर्च वाचतो. मासेमारीची गावं असलेल्या त्या किनाऱ्यावर दहा वर्षांत हजारो कामगारांचं शहर उभं राहिलं. २०१८ पासून हाल्माहेरा बेटावर वेदा बे इथे दुसरी मोठी वसाहत उभी राहू लागली.

सरकारचा पाय मधे एकदा घसरला. महसूल आटला म्हणून जानेवारी २०१७ मध्ये हलक्या प्रतीच्या खनिजाची निर्यात पुन्हा सुरू झाली. नंतर राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांच्या सरकारने २०२२ साठी ठरलेली पूर्ण बंदी दोन वर्षं अलीकडे खेचली आणि १ जानेवारी २०२० पासून निकेलचं खनिज बाहेर जाणं कायमचं थांबवलं. सोबत आमिषही होतंच: मोठ्या गुंतवणुकीला पाच ते वीस वर्षं कंपनीकर माफ.

आकडे बोलके आहेत. जगात खाणीतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून जास्त आज एकट्या इंडोनेशियातून निघतं. निकेलपासून केलेल्या मालाची निर्यात २०२२ मध्ये ३० अब्ज डॉलरच्या वर गेली. बंदीआधीच्या कच्च्या खनिजाच्या निर्यातीशी तिची तुलनाच होत नाही. भारताला हा फरक सर्वांत जवळून दिसतो तो स्टेनलेस स्टीलमध्ये. आपल्या जिंदाल स्टेनलेसने २०२३ मध्ये हाल्माहेरावरच्या निकेल पिग आयर्न प्रकल्पात ४९ टक्के भागीदारीचा करार केला. माल बाहेर येत नसेल तर गिऱ्हाइकाने आत जायचं, हेच तर जकार्ताला हवं होतं.

युरोपीय संघाने मात्र ही वाट धरली नाही, तो जागतिक व्यापार संघटनेत गेला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी तंटा मंडळाने इंडोनेशियाच्या विरोधात निकाल दिला. इंडोनेशियाने डिसेंबरात अपील केलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे अपील ऐकणारं मंडळ २०१९ पासून बंदच आहे. ज्या नियमाने आपण हरलो, त्याची अंमलबजावणी करणारंच कोणी नाही, याचा फायदा जकार्ताने पुरेपूर उचलला.

नफा कोणाचा, धूर कोणाचा

निर्यातीचा आकडा म्हणजे देशाच्या हाती पडलेला पैसा नव्हे. शुद्धीकरणाच्या क्षमतेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चिनी कंपन्यांच्या ताब्यात आहे. यंत्रं चीनमधून येतात, नफा चीनमध्ये जातो आणि करमाफीची मुदत चालू असेतो सरकारला कंपनीकरही मिळत नाही. उरतात मजुरी, रॉयल्टी आणि खाणवाल्याला मिळणारा खनिजाचा भाव. तो भावही वर्षानुवर्षं जागतिक दराच्या खाली राहिला. निर्यातबंदी म्हणजे देशातल्या कारखान्याला स्वस्त खनिजाची हमी, हे त्या धोरणाचं न सांगितलेलं अनुदान असतं आणि ते खाणवाल्याच्या खिशातून जातं.

दुसरा प्रश्न विजेचा. निकेलच्या भट्ट्या अफाट वीज खातात आणि सुलावेसी-हाल्माहेरात सरकारी ग्रीड तेवढी ताकदवान नाही. म्हणून प्रत्येक वसाहतीने आपली कोळशाची वीजकेंद्रं उभारली. देशभरातली अशी खासगी क्षमता आता दहा हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने कोळशाच्या नव्या वीजकेंद्रांना बंदी घातली, पण खनिजप्रक्रियेच्या उद्योगांसाठी दार उघडं ठेवलं. विजेवर धावणाऱ्या, ‘हिरव्या’ म्हणवणाऱ्या मोटारीच्या बॅटरीत कोळशाचा धूर शिरतो तो इथून.

बॅटरीसाठी शुद्ध निकेल लागतं. ते वरच्या लाल थरातून, मोठ्या दाबाखाली, अडीचशे अंश तापमानाला गंधकाम्लात मुरवून काढतात. ओबी बेटावर २०२१ मध्ये देशातला असा पहिला कारखाना सुरू झाला. या प्रक्रियेतून धातूच्या कित्येक पट ओला गाळ निघतो. भूकंपप्रवण आणि अतिवृष्टीच्या बेटावर तो साठवायचा कुठे, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अजून सापडलेलं नाही.

माणसांचीही किंमत मोजावी लागली. २४ डिसेंबर २०२३ रोजी मोरोवालीत एका भट्टीच्या दुरुस्तीचं काम चालू असताना स्फोट झाला आणि २१ कामगार दगावले, त्यांत चिनी आणि इंडोनेशियाई दोन्ही होते. आणि जून २०२५ मध्ये प्रवाळांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या राजा आम्पात द्वीपसमूहात निकेलच्या खाणींविरुद्ध इतकी ओरड झाली की सरकारला पाचपैकी चार परवाने रद्द करावे लागले.

एका रात्रीत आलेली बंदी

इंडोनेशिया हा वीजकेंद्रांना लागणाऱ्या कोळशाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार. मुंबईच्या ट्रॉम्बे वीजकेंद्रालाही तिथलाच कोळसा जातो. राख आणि गंधक कमी असल्यामुळे शहरातल्या प्रदूषणाच्या मर्यादेत तो बसतो. पण तिथे खाणवाल्यांवर एक बंधन आहे. उत्पादनाचा चौथा हिस्सा देशात ठेवायचा आणि पीएलएन या सरकारी वीज कंपनीला टनाला जास्तीत जास्त ७० डॉलर भावाने द्यायचा. ही मर्यादा २०१८ मध्ये घातली. बाजारभाव त्याच्या जवळपास असला की कोणाची फारशी तक्रार नसे.

२०२१ च्या शरदात जागतिक भाव दोनशे डॉलरच्या वर गेला. घरच्या गिऱ्हाइकाला ७० ला विकायचं की परक्याला दोनशेला? नियम मोडल्याचा दंड भरूनही परक्याला विकणं परवडत होतं. जानेवारी २०२२ साठी ५१ लाख टन कोळसा राखून ठेवायला सांगितलं होतं, प्रत्यक्षात जमा झाला फक्त ३५ हजार टन, असं मंत्रालयानेच सांगितलं. जवळपास वीस वीजकेंद्रं बंद पडायची वेळ आली. ३१ डिसेंबरला आदेश निघाला आणि १ जानेवारीपासून कोळशाची निर्यात ठप्प. भरलेली जहाजं कालिमान्तानच्या, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाई भागाच्या, किनाऱ्यावर नांगर टाकून उभी राहिली. जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स यांनी जाहीर विनंत्या केल्या. दहा-बारा दिवसांत बंदी सैल होऊ लागली आणि कोटा पूर्ण केलेल्या खाणींना फेब्रुवारीपासून मोकळीक मिळाली.

या बंदीतून एकही कारखाना उभा राहायचा नव्हता. ती आली ती भावमर्यादेने तयार केलेलं संकट निस्तरायला. गिऱ्हाइकांनी मात्र धडा घेतला: या देशाच्या कोळशावर एकट्यावर विसंबून चालणार नाही.

पीएलएनच्या अडचणीचं मूळ आणखी खोल आहे. २०१५ मध्ये जोको विदोदो यांनी पाच वर्षांत ३५ हजार मेगावॉट नव्या विजेचा कार्यक्रम जाहीर केला. विजेची मागणी दरसाल भरघोस वाढेल असं गृहीत धरून खासगी कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार झाले, त्यांत वीज घेतली नाही तरी पैसे द्यायची अट होती. मागणी तेवढी वाढली नाही आणि मग करोना आला. जावा-बालीत वीज गरजेपेक्षा फार जास्त झाली. असे करार त्या देशाने आधीही भोगले होते. नव्वदच्या दशकात पूर्व जावातल्या पैतोन प्रकल्पाचा दर डॉलरमध्ये बांधला होता. १९९७ च्या आर्थिक संकटात रुपिया गडगडला आणि अखेर युनिटला आठ सेंटांच्या वरचा दर पाच सेंटांच्या आत आणावा लागला. त्याच दशकात डॉलरशी बांधलेल्या एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने महाराष्ट्राला जे शिकवलं, तेच पैतोनने इंडोनेशियाला शिकवलं. दोघांनी ते किती लक्षात ठेवलं, हा भाग निराळा.

जादा विजेचा दुसरा परिणाम सौरऊर्जेवर झाला. कोळशाच्या विजेचे पैसे द्यायचेच आहेत, तर पीएलएन नवी सौरवीज कशाला घेईल? त्यात सौरपट्ट्या देशातच बनवलेल्या हव्यात ही अट. देशी पट्ट्या महाग, आणि मोठा बाजार नाही म्हणून त्या स्वस्तही होईनात. विषुववृत्तावरच्या, उन्हाने भाजणाऱ्या देशात वर्षानुवर्षं सौरक्षमता हजार मेगावॉटच्या आत अडकून पडली. पश्चिम जावातल्या चिराता धरणावर २०२३ मध्ये सुरू झालेला तरंगता सौरप्रकल्प हा त्यातला ठळक अपवाद. नोव्हेंबर २०२२ मध्ये श्रीमंत देशांनी कोळशापासून सुटका करायला २० अब्ज डॉलरच्या मदतीचं आश्वासन दिलं, पण त्यातलं बहुतेक कर्जच होतं, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतलं.

पंचवीस दिवसांचं पामतेल

तिसरी गोष्ट पामतेलाची. जगातलं निम्म्याहून जास्त पामतेल इंडोनेशियातून येतं आणि भारत हे त्याचं बडं गिऱ्हाईक. बिस्किटं, फरसाण, हॉटेलातल्या कढया यांतून ते आपल्या पोटात जातं. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल अडलं आणि २०२२ च्या वसंतात पामतेलाचा भाव आकाशाला भिडला. त्या आधीच, जानेवारीत, सरकारने खाद्यतेलाचा किरकोळ दर लिटरला १४ हजार रुपियांवर बांधला होता. परिणाम अपेक्षित तोच झाला: तेल दुकानांतून गायब आणि बायकांच्या रांगा. रमजानच्या दिवसांत हा संताप परवडणारा नव्हता. २२ एप्रिलला घोषणा झाली आणि २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यात बंद.

पामची फळं म्हणजे खाणीतला दगड नव्हे. घड तोडला की दिवस-दोन दिवसांत गिरणीत जायला हवा, नाहीतर तेल आंबतं. निर्यात थांबली तशा टाक्या भरल्या, गिरण्यांनी फळं घेणं कमी केलं आणि घडांचा भाव निम्म्यावर आला. मोठ्या कंपन्यांचे मळे तग धरू शकत होते. दोन-चार हेक्टरवाल्या शेतकऱ्याला झाडावर फळ कुजताना पाहण्याखेरीज इलाज नव्हता. मे महिन्यात शेतकरी जकार्तात मोर्चा घेऊन आले आणि २३ मे रोजी बंदी उठली. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याची निर्यात बंद होती तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी जे सोसलं, तेच सुमात्रातल्या शेतकऱ्यांनी आधी सोसलं होतं. दोन्हीकडे शहरी ग्राहकाचा राग शमवायचं ओझं उत्पादकाच्या खांद्यावर पडलं.

पामतेलाच्या बाबतीत जास्त चाललेलं धोरण दुसरंच आहे. डिझेलमध्ये पामतेलापासून केलेलं जैवडिझेल मिसळायचं प्रमाण २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५ आणि २०२५ पासून ४० टक्के झालं. त्याचा खर्च निर्यातीवरच्या अधिभारातून भागवतात. डिझेलची आयात वाचते, पामतेलाला घरातच कायमचं गिऱ्हाईक मिळतं आणि भाव टिकतो. त्याचवेळी ताटातलं तेल आणि टाकीतलं तेल यांची स्पर्धा लागते आणि नव्या मळ्यांसाठी जंगलावर ताण येतो. पण निदान त्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि शेतकऱ्याला ते माहीत असतं.

दम कुठे आणि पोकळपणा कुठे

तिन्ही माल शेजारी ठेवले की काही गोष्टी स्वच्छ दिसतात. निकेलची बंदी फळली, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे तेवढं चांगलं आणि तेवढं जास्त खनिज मिळत नव्हतं, खाणीशेजारी भट्टी लावणं मुळातच स्वस्त होतं आणि पैसा, यंत्रं, घाई हे तिन्ही असलेला चीनसारखा खरीददार हजर होता. शिवाय कायदा होऊन बंदी लागेपर्यंत पाच वर्षं मिळाली होती. यांतली एक जरी बाजू निसटली तरी काय होतं, हे बॉक्साइटने दाखवलं. २०१४ च्या बंदीनंतर चीनने मलेशिया आणि गिनीकडे मोर्चा वळवला. जून २०२३ मध्ये इंडोनेशियाने बॉक्साइटवर पुन्हा पूर्ण बंदी घातली, तेव्हा निकेलसारखी गुंतवणूकदारांची रांग काही लागली नाही. कोळसा आणि पामतेल यांच्या बंद्या तर कारखान्यासाठी नव्हत्याच. आधी भाव बांधून टंचाई तयार केली आणि मग टंचाईवर उपाय म्हणून बंदी आली.

निकेलचं यशही आता परीक्षेला बसलं आहे. भट्ट्या इतक्या झाल्या की जगात निकेलचा सुकाळ झाला. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या बाजारात टनाला एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडणारा भाव २०२४ मध्ये १६ हजारांच्या आसपास आला. ऑस्ट्रेलियातला बीएचपीचा निकेल उद्योग आणि न्यू कॅलेडोनियातला कोनियाम्बो कारखाना बंद ठेवावे लागले. प्रतिस्पर्धी संपले, पण भावही पडला. देशातल्या भट्ट्यांची भूक एवढी वाढली की खाण परवाने रखडले तेव्हा त्यांनी चक्क फिलिपिन्समधून खनिज आयात केलं. ज्या मालाची निर्यात बंद, त्याचीच आयात सुरू! आणि ज्या बॅटरीसाठी हा घाट घातला, तिच्यातही चीनच्या मोटार कंपन्या निकेल न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट प्रकाराकडे वळल्या आहेत. पश्चिम जावातल्या कारावांगला ह्युंदाई आणि एलजी यांचा बॅटरी कारखाना जुलै २०२४ मध्ये सुरू झाला खरा, पण एलजीने त्याहून मोठ्या योजनेतून एप्रिल २०२५ मध्ये माघार घेतली. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेने इंडोनेशियाच्या मालावरचं आयातशुल्क १९ टक्क्यांवर आणायचं कबूल केलं. त्या बदल्यात महत्त्वाच्या खनिजांच्या निर्यातीवरची बंधनं अमेरिकेपुरती काढायचा उल्लेख दोन्ही देशांच्या निवेदनात आला. हे फक्त प्रक्रिया केलेल्या मालाबद्दल आहे, कच्चं खनिज जाणार नाही, असा खुलासा जकार्ताला लगेच करावा लागला.

राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांचं सरकार आता हेच धोरण आणखी बऱ्याच मालांवर न्यायला निघालं आहे, आणि सरकारी कंपन्यांचा पैसा एकत्र करून फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दानान्तारा’ हा गुंतवणूक निधीही काढला आहे. कारखाना देशात आणणं हा या खेळाचा सोपा भाग होता आणि इंडोनेशियाने तो जिंकला. अवघड भाग पुढे आहे. भट्ट्यांच्या करमाफीची मुदत संपेल तेव्हा उत्तम प्रतीचं खनिज किती उरलं असेल आणि तोवर किती तंत्रज्ञान इंडोनेशियाई हातांत आलं असेल, या दोन आकड्यांवर ठरेल की देशाने कच्चा माल विकायचं थांबवलं, की तो फक्त दुसऱ्या गेटमधून, वितळवून, विकला.